कॅलरींचा हिशेब चोख, तरी वजनाचा काटा हलेना

वाचकांचे प्रश्न, आहारतज्ज्ञांची उत्तरे

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी ४७ वर्षांची असून कोथरूडला राहते आणि बँकेत नोकरी करते. माझी उंची १५७ सेंटिमीटर आहे. पाच महिन्यांपूर्वी वजन ७१.४ किलो होते, तेव्हा मोबाइलवर कॅलरी मोजण्याचे ॲप घेतले. त्याने माझा रोजचा खर्च १,८०० कॅलरी धरला, १,३०० कॅलरींत दिवस बसवायला सांगितला आणि आठवड्याला जवळपास अर्धा किलो वजन उतरेल, असे दाखवले. तेव्हापासून एकही नोंद चुकवलेली नाही. डिजिटल काटा आणून भातसुद्धा तोलून घेते, गोड बंद आहे, सकाळी चाळीस मिनिटे चालते. तरी आज वजन ६८.८ किलो आहे. गेल्या तीन आठवड्यांत तर काहीच फरक नाही. उलट गणपतीत एका दिवसात सव्वा किलो वाढलेले दिसले. माझ्या यजमानांनी काहीही न मोजता फक्त रात्रीचा भात सोडला आणि त्यांचे चार किलो उतरले. मैत्रीण म्हणते की, इतके कमी खाल्ल्यामुळे शरीर ‘स्टार्व्हेशन मोड’मध्ये गेले आहे, थोडे जास्त खाल्लेस तर उतरेल. थायरॉइडची तपासणी नॉर्मल आली आहे. माझे कुठे चुकते आहे, की हे सगळे हिशेबच खोटे आहेत? — एक वाचक, कोथरूड

उत्तर : हिशेब खोटा नाही, पण तुम्ही समजता तितका तो काटेकोरही नाही. ॲपवर १,२९६ असा आकडा उमटला की तो पासबुकातल्या शिलकेसारखा पैपर्यंत खरा वाटतो आणि बँकेत काम करणाऱ्या व्यक्तीला तर तो अधिकच खरा वाटत असणार. प्रत्यक्षात खाण्याच्या बाजूचा आकडा हा अंदाज असतो, खर्चाच्या बाजूचाही अंदाजच असतो आणि या दोन अंदाजांतली चूक एकत्र आली, तर ज्या ५०० कॅलरींच्या तुटीवर तुम्ही भरवसा ठेवला आहे ती तूट जवळपास सगळी गिळून टाकण्याइतकी मोठी होऊ शकते. तुमच्या पत्रात खऱ्या अर्थाने मोजलेली गोष्ट एकच आहे, ती म्हणजे पाच महिन्यांत उतरलेले २.६ किलो. म्हणून आपण हिशेब उलट्या बाजूने, वजनाकडून ताटाकडे करू.

शरीरातल्या एक किलो चरबीत ढोबळमानाने ७,७०० कॅलरी साठवलेल्या असतात. त्या मापाने २.६ किलो म्हणजे सुमारे २०,००० कॅलरी झाल्या; पाच महिन्यांच्या दीडशे दिवसांत त्या वाटल्या की रोजची तूट १३० कॅलरींच्या आसपास येते. ॲप ५०० म्हणते आणि शरीर १३० म्हणते. मधल्या ३७० कॅलरी कुठे गेल्या, एवढाच आपला प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर बहुतेक तुमच्या स्वयंपाकघरात आणि तुमच्या खुर्चीत मिळून सापडेल.

आधी खुर्चीचे पाहू. अशी ॲप वय, उंची आणि वजन यांवरून एक सूत्र लावून शरीराचा पडून राहतानाचा खर्च काढतात. तुमच्या बाबतीत तो १,३०० च्या जवळ येतो. मग ‘हलकी हालचाल’ असा पर्याय निवडला की त्याला १.३७५ ने गुणले जाते आणि १,८०० हा आकडा तयार होतो. दिवसभर काउंटरमागे बसून काम आणि येणे-जाणे दुचाकीवर, अशा दिनक्रमाला १.२ हा गुणक अधिक जवळचा आहे. म्हणजे साडेपंधराशे, आणि वर तुमच्या चालण्याचे शंभर-सव्वाशे. एकूण १,६५० ते १,७०० धरा. चालणे ॲपमध्ये वेगळे नोंदवून त्याच्या कॅलरी पुन्हा खायला मिळतात असे मानले असेल, तर ते चालणे दोनदा मोजले गेले आहे. शिवाय सूत्र हे सरासरीचे असते. एकाच वयाच्या, उंचीच्या आणि वजनाच्या दोन स्त्रियांच्या खर्चात शंभर-दीडशे कॅलरींचा फरक असणे मुळीच नवल नाही. थोडक्यात, हरवलेल्या ३७० पैकी सव्वाशे-दीडशे कॅलरी मुळात कधी खर्चच झालेल्या नव्हत्या.

उरलेल्या दोनशे-सव्वादोनशे ताटात शोधाव्या लागतील. पोळीपासून सुरुवात करा. ॲपमध्ये ‘चपाती, १ नग’ असे लिहिले की साधारण ८०-८५ कॅलरी पडतात. तो नग बिनतेलाच्या लहान फुलक्याचा असतो. आपली घडीची पोळी वेगळी असते. तुमच्याकडे एक किलो कणकेच्या किती पोळ्या होतात, हे एकदा मोजा. अठ्ठावीस होत असतील, तर एका पोळीत ३६ ग्रॅम कणीक गेली, म्हणजे नुसत्या पिठाच्याच १२० कॅलरी झाल्या. पदर सुटावेत म्हणून घडीत लावलेले तेल आणि तव्यावर वरून सोडलेले तेल त्यात अजून धरलेले नाही. दिवसाला तीन पोळ्या खाल्ल्या, तर फक्त पिठाचाच फरक शंभराच्या वर जातो.

तेलाचा हिशेब चमच्याने करूच नये, कारण फोडणी घालताना कोणी चमचा सपाट करून ओतत नाही आणि पोळीवाल्या किंवा स्वयंपाकाच्या मावशी येत असतील, तर तो हात तुमचा नसतोही. महिन्याचे तेल मोजा. चौघांच्या घरात महिन्याला तीन लिटर तेल संपत असेल, तर एका माणसाच्या वाट्याला रोज २३ ग्रॅम येते. तेलाच्या एका ग्रॅमात नऊ कॅलरी असतात, म्हणजे सुमारे २०० कॅलरी झाल्या. तुमच्या नोंदीत रोज ‘तेल, २ छोटे चमचे’ असेल, तर तिथे ८०-९० कॅलरीच दिसतील. पोळीचे शंभर आणि तेलाचे शंभर-सव्वाशे. शोध इथेच संपतो, असे मी म्हणणार नाही, पण अनेक घरांत तो इथेच संपतो. नाहीच संपला, तर कोशिंबिरीतले आणि पालेभाजीतले दाण्याचे कूट, आमटीतले ओले खोबरे, वरणावरचे तूप आणि संकष्टीची साबुदाण्याची खिचडी पाहावी. ‘उपास होता’ अशी नोंद झालेल्या दिवशी खिचडीची एक भरलेली ताटली एका साध्या जेवणाहून जड पडते.

तुम्ही भात तोलता, हे उत्तमच आहे, पण त्यात एक सापळा आहे. १०० ग्रॅम कच्च्या तांदळात साधारण ३५० कॅलरी असतात आणि १०० ग्रॅम शिजलेल्या भातात सुमारे १३०, कारण बाकीचे वजन पाण्याचे असते. तांदूळ कच्चा तोलून ॲपमध्ये ‘शिजलेला भात’ निवडला, तर नोंद जवळपास एक-तृतीयांशावर येते. उलट केले, तर तुम्ही विनाकारण उपाशी राहता. कडधान्यांच्या उसळीतही हाच घोळ होतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेली भारतीय अन्नघटकांची कोष्टके ॲपमधल्या कोणीही भरलेल्या नोंदींपेक्षा भरवशाची आहेत. मात्र त्यांत ऊर्जा किलोज्यूलमध्ये दिलेली आहे. तो आकडा ४.१८ ने भागून घ्यावा, नाहीतर साधी मूगडाळ पाहूनही छातीत धस्स होते.

हे वाचून आपण नीट नोंद ठेवत नाही, असा आरोप होतो आहे, असे कृपया समजू नका. १९९२ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. कमी खाऊनही वजन उतरत नाही, अशी खात्री असलेल्या दहा जणांचा प्रत्यक्ष ऊर्जाखर्च, समस्थानिकांची खूण असलेले (म्हणजे नेहमीपेक्षा जड अणू असलेले, शरीरात माग काढता येणारे) पाणी पाजून, त्यात मोजला होता. त्यांच्या शरीराचा ऊर्जाखर्च मंद नव्हता. मात्र त्यांनी खाणे सरासरी ४७ टक्क्यांनी कमी आणि हालचाल ५१ टक्क्यांनी जास्त नोंदवली होती. ते खोटे बोलत होते, असा त्याचा अर्थ नाही. माणसाला स्वतःच्या ताटाचा अंदाज येत नाही, हाच त्याचा अर्थ आहे. तुमची चूक तर त्यांच्या चुकीच्या निम्म्यानेही नाही.

आता मैत्रिणीच्या म्हणण्याविषयी. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी १९४४-४५ मध्ये ३६ निरोगी तरुणांना चोवीस आठवडे अर्धपोटी ठेवले होते. त्यांच्या शरीराचा खर्च खूपच खाली आला, ते सुस्त आणि चिडचिडे झाले. परंतु वजन उतरायचे थांबले नाही, ते सुमारे पाव हिश्शाने कमी झाले. कमी खाल्ल्यावर शरीर काटकसर करते, हे खरे आहे. नकळत आपण कमी उठतो, कमी फिरतो, संध्याकाळी सोफ्यावर लवकर टेकतो. पण कमी खाल्ल्यामुळेच वजन अडून बसते, हे खरे नाही. म्हणून ‘जास्त खा म्हणजे उतरेल’ हा सल्ला मनावर घेऊ नका. त्याचबरोबर रागाच्या भरात १,३०० चे १,००० करण्याच्या फंदातही पडू नका. त्याने नोंदीतली चूक तशीच राहील आणि तुमच्या ताटातली प्रथिने मात्र घटतील.

गणपतीतला सव्वा किलो चरबीचा नव्हता, याबद्दल निश्चिंत राहा. एका दिवसात सव्वा किलो चरबी चढायला खर्चापेक्षा साडेनऊ हजार कॅलरी जास्त खाव्या लागतील. उकडीच्या मोदकांवर कितीही तूप घेतले, तरी ते जमणारे नाही. शरीर पिष्टमय पदार्थांचा थोडा साठा ग्लायकोजेनच्या रूपात ठेवते आणि त्या साठ्याच्या प्रत्येक ग्रॅमाबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवते. त्यात पापड, लोणचे आणि मसालेभात यांतले मीठ आले, की पाणी आणखी थांबते. पाळीच्या आधीच्या आठवड्यातही हेच होते आणि चाळिशीच्या उत्तरार्धात पाळी अनियमित झाली की त्याचा अंदाजही लागत नाही. तुमच्या खऱ्या वेगाने तीन आठवड्यांत चारशे ग्रॅमही उतरत नाहीत. तेवढे वजन पाण्याच्या चढउतारात सहज बुडून जाते. वजन करायचे तर रोज सकाळी, शौचाहून आल्यावर आणि चहा घेण्यापूर्वी करावे, आठवड्याची सरासरी काढावी आणि ती चार आठवड्यांपूर्वीच्या सरासरीशीच ताडून पाहावी. कालच्याशी तुलना करणे अजिबात बंद करावे. ज्यांना रोजचा आकडा पाहून दिवस खराब जातो, त्यांनी काटा कपाटावर ठेवून फक्त टेप वापरावी.

मुळात तुम्हाला दाखवलेला वेगच चुकीच्या गृहीतकावर उभा होता. अमुक इतक्या कॅलरी कमी केल्या की अमुक इतके वजन, हे सरळ त्रैराशिक मॅक्स विशनॉफ्स्की या डॉक्टरांच्या १९५८ सालच्या लेखापासून रूढ झाले. परंतु वजन उतरते तसा शरीराचा खर्चही उतरतो, हे त्यात धरलेले नाही. केविन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली ‘द लॅन्सेट’मध्ये जे गणित मांडले, ते असे की, रोज २४ कॅलरींची कायमची घट केली तर अखेरीस साधारण एक किलो वजन उतरते, पण त्यातला निम्मा भाग पहिल्या वर्षात आणि जवळपास सगळा भाग तीन वर्षांत उतरतो. या मापाने रोजच्या २०० कॅलरी खरोखर कमी केल्या, तर वर्षाला चार किलो आणि शेवटी आठ किलो. आठवड्याला अर्धा किलो या आश्वासनाशेजारी हा आकडा फारच केविलवाणा दिसतो, हे मान्य आहे. पण खरा हाच आहे, आणि पाच महिन्यांत २.६ किलो हा वेग त्याहून कमी नाही.

यजमानांशी बरोबरी सोडून द्या. पुरुषांचे वजन आणि स्नायू जास्त, त्यामुळे खर्चही जास्त. त्यांनी रात्रीचा भरपेट भात, त्यावरचे वरण आणि तूप एकदम काढून टाकले, तेव्हा त्यांची तूट मोठी होती आणि ती नोंदीतली नव्हती, ताटातली होती.

मग करायचे काय? अख्खा दिवस दशांशापर्यंत मोजण्याऐवजी दोन-तीन गोष्टी घट्ट धराव्यात. महिन्याचे तेल तीनवरून दोन लिटरवर आणण्यासाठी आठवड्याचे तेल वेगळ्या बाटलीत काढून ठेवावे आणि स्वयंपाक करणाऱ्याला तसे सांगावे. कणीक तोलून एका पोळीला पंचवीस ग्रॅम कोरडे पीठ जाईल एवढीच लाटी करावी. प्रत्येक जेवणात उसळ, घट्ट वरण, दही, पनीर किंवा अंडे यांपैकी काहीतरी नीट वाटीभर असावे. आठवड्यातून दोनदा वजने उचलण्याचा किंवा खुर्चीवरून उठबस करण्यासारखा ताकदीचा व्यायाम चालण्याच्या जोडीला घ्यावा, कारण या वयात वजन उतरताना स्नायूही उतरतात आणि ते परत मिळवणे अवघड जाते. महिन्याभराने सरासरी पाहावी. ती हलली नाही, तर ताटातून आणखी शंभर कॅलरींची एखादी नेमकी गोष्ट कमी करावी.

कमरेचे माप मात्र आजच घ्या. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडल्यावर, पोट आत न ओढता. भारतीय स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही मर्यादा मानतात, पुरुषांसाठी ९०. आपल्याकडे काट्यापेक्षा या मापाला महत्त्व का, याचे उत्तम उदाहरण पुण्यातलेच आहे. केईएम रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ साली ‘द लॅन्सेट’मध्ये छापून आला होता. दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) २२.३ होता, पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के निघाली. चेन्नईत मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या लोकांवर झालेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्यांनी आहार आणि व्यायाम सुधारला त्यांच्यापैकी तीन वर्षांत ३९ टक्क्यांना मधुमेह झाला, तर नुसता सर्वसाधारण सल्ला मिळालेल्यांत ५५ टक्क्यांना. आणि हा फायदा वजनात फारसा फरक न पडता झाला. तुमचे तर अडीच किलोंहून अधिक उतरले आहे. उपाशीपोटीची साखर आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) पाच महिन्यांपूर्वी तपासले असतील, तर ते पुन्हा तपासून घ्या.

प्रश्न : वय ३६, वजन ८४ किलो, पिंपळे सौदागरला राहतो. दर रविवारी मित्रांबरोबर सिंहगड चढतो, एरवी आठवड्यातून तीनदा वेताळ टेकडीवर जातो. घड्याळ सिंहगडाच्या दिवशी ९०० कॅलरी खर्च झाल्याचे दाखवते. खाणे मोजूनच खातो, तरी सहा महिने वजन तिथेच आहे. घड्याळावर विश्वास ठेवावा का?

उत्तर : हृदयाच्या ठोक्यांपुरता ठेवावा, कॅलरींसाठी नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ साली मनगटावरची सात उपकरणे तपासली, तेव्हा ऊर्जाखर्चाच्या बाबतीत सर्वांत बरे उपकरण सरासरी २७ टक्क्यांनी चुकत होते आणि सर्वांत वाईट ९३ टक्क्यांनी. शिवाय त्या ९०० मध्ये, गडावर न जाता घरी पेपर वाचत बसला असतात तरी त्या दोन-तीन तासांत जेवढा खर्च झालाच असता, तोही बहुधा धरलेला असतो.

पत्रात तुम्ही एक गोष्ट लिहिलेली नाही, म्हणून मीच विचारतो : वर पोचल्यावर काय खाता? कांदाभजी, पिठलं-भाकरी आणि मडक्यातले दही पोटात गेले की चढण्याचा खर्च उतरण्यापूर्वीच भरून निघतो, आणि त्यात ‘आज चढलो आहे’ म्हणून संध्याकाळची सवलत वेगळी. भजीची प्लेट चौघांत एक घ्या, दही-भाकरी स्वतःची घ्या आणि घड्याळाने दिलेल्या कॅलरी ताटात जमा करणारी ॲपमधली सोय बंद करा. चढणे सोडू नका. वजन न उतरताही रक्तदाब, साखर आणि झोप यांसाठी त्याचा उपयोग होतोच.

प्रश्न : मी २२ वर्षांची आहे, सदाशिव पेठेत राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. उंची १५८, वजन ५२ वरून ४७ वर आणले आहे, मला ४५ करायचे आहे. रोज ९०० कॅलरी खाते, मेसच्या डब्यातला भात आणि एक पोळी परत पाठवते. आता दोन महिने वजन हलत नाही. केस गळतात, तीन महिने पाळी आलेली नाही. आणखी किती कॅलरी कमी करू?

उत्तर : एकही नाही. तुमचा बीएमआय आज १८.८ आहे आणि ४५ किलोंना तो १८ होईल. निरोगी मर्यादा १८.५ पासून सुरू होते. म्हणजे तुम्ही गाठू पाहता ते वजनच आजारपणाच्या बाजूचे आहे. केस गळणे आणि पाळी थांबणे या दोन्ही गोष्टी एकत्र येतात, तेव्हा शरीराला मिळणारी ऊर्जा बराच काळ अपुरी पडत असल्याचा तो स्पष्ट इशारा असू शकतो. असे फार दिवस चालले तर हाडेही ठिसूळ होतात. वाचलेले लक्षात राहत नाही, अशी तक्रार तुम्ही केलेली नाही, पण तीही असणार, असे मला वाटते.

याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटा आणि ९०० कॅलरींची गोष्ट त्यांच्यापासून लपवू नका. हिमोग्लोबिन आणि थायरॉइडसह कोणत्या तपासण्या करायच्या, ते त्या ठरवतील. ॲप मोबाइलमधून काढून टाका. ते काढण्याच्या कल्पनेनेच घाबरायला होत असेल, किंवा डबा पूर्ण खाल्ल्यावर अपराधी वाटत असेल, तर ही तक्रार आहारतज्ज्ञाच्या आवाक्यातली नाही. तेही डॉक्टरांना सांगा आणि समुपदेशक सुचवायला सांगा. घरी आईला किंवा खोलीतल्या मैत्रिणीला हे पत्र जसेच्या तसे वाचायला द्या. मेसच्या मावशींना उद्यापासून डबा भरून पाठवायला सांगा, पोळी आणि भात दोन्ही.